'अपरकीय' नावाचा नागरिक : कोरेमात्सु निकालपत्राचे एक भाषिक वाचन

अमेरिकन नागरिकांचे घटनात्मक हक्क हा विषय आपल्या महाविद्यालयांत बहुधा राज्यशास्त्राच्या तासाला येतो आणि तिथेच संपतो. १७९१ च्या पहिल्या दहा घटनादुरुस्त्यांची यादी, आपल्या मूलभूत हक्कांशी थोडी तुलना आणि परीक्षेला पाच गुणांची टीप, एवढीच त्याची व्याप्ती राहते. भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्याने या विषयात शिरावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रस्तुत लेखाचे उत्तर होकारार्थी आहे. हक्क संहितेत शब्दांनी लिहिलेले असतात. ते नागरिकाकडून काढून घेतले जातात तेव्हाही आधी शब्दांचीच अदलाबदल होते. ही अदलाबदल ओळखणे हे समीक्षेचे काम आहे.

या दृष्टीने वाचण्यासारखे सर्वांत महत्त्वाचे अमेरिकन संहितापत्र म्हणजे कोरेमात्सु विरुद्ध संयुक्त संस्थाने या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९४४ रोजी दिलेला निकाल. सहा विरुद्ध तीन अशा मतांनी दिलेला हा निकाल आज सर्वमान्यपणे चुकीचा ठरला आहे. मात्र तो चुकीचा होता एवढे म्हणून थांबल्यास शिकण्यासारखे फारसे हाती लागत नाही. घटनेवर निष्ठा असलेली विद्वान माणसे, घटनेचाच आधार घेत, निरपराध नागरिकाला दोषी ठरवणाऱ्या वाक्यापर्यंत कशी पोहोचली, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे.

फलकावरचा शब्द

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली. युद्धमंत्री व त्यांनी नेमलेले सेनाधिकारी यांनी लष्करी क्षेत्रे ठरवावीत आणि त्या क्षेत्रांतून कोणाही व्यक्तीला वा सर्व व्यक्तींना वगळावे, असा अधिकार या आदेशाने दिला. या संपूर्ण आदेशात 'जपानी' हा शब्द एकदाही येत नाही. तो आला खालच्या पायरीवर, पश्चिम किनाऱ्याचे सेनापती जनरल जॉन डिविट यांच्या क्षेत्रबंदी आदेशांत. भिंतींवर आणि खांबांवर लावलेल्या या फलकांत जपानी वंशाच्या सर्व व्यक्तींनी, मग त्या परकीय असोत वा 'अपरकीय', ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी हजर व्हावे, असा हुकूम होता.

'अपरकीय' हा शब्द इंग्रजीत जितका विचित्र आहे तितकाच मराठीतही वाटतो. जो परकीय नाही तो कोण? उत्तर सरळ आहे : तो नागरिक. मग 'परकीय आणि नागरिक' असे साध्या शब्दांत का लिहिले नाही? तसे लिहिले असते तर फलक वाचणाऱ्या कोणाही माणसाच्या मनात, नागरिकाला असा हुकूम देता येतो काय, हा प्रश्न उभा राहिला असता. 'नागरिक' या शब्दापाठोपाठ त्याचे हक्क येतात. 'अपरकीय' या शब्दापाठोपाठ काहीच येत नाही. उर्दूच्या अभ्यासकाला इथे 'ग़ैर' शब्द आठवेल. उर्दूत 'ग़ैर' हा नकार दाखवणारा उपसर्ग आहे आणि परका माणूस या अर्थाचे नामही आहे. त्या न्यायाने हा मनुष्य 'ग़ैर-ग़ैर' ठरतो. उर्दूत नागरिकाला 'शहरी' म्हणतात. त्या शब्दात निदान एक शहर, राहण्याची एक हक्काची जागा आहे. 'ग़ैर-ग़ैर' माणसाला तीही उरत नाही. परकेपणाच्या नकारातूनच ज्याची ओळख करून दिली जाते, त्याची सावली परकेपणापासून कधी सुटत नाही.

या आदेशांनुसार सुमारे १,२०,००० माणसे घरांतून उठवली गेली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. आपल्याकडे तडीपारी हा शब्द परिचित आहे. परंतु तडीपारीतही त्या विशिष्ट इसमावरील आरोप त्याला कळवावे लागतात आणि बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. इथे कोणावर आरोप नव्हता, सुनावणी नव्हती. केवळ वंश पुरेसा होता.

संहितेतले हक्क

घटना याबाबत मुकी होती काय? मुळीच नाही. पाचवी घटनादुरुस्ती सांगते की कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय कोणाही व्यक्तीचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. इथे 'नागरिक' नव्हे तर 'व्यक्ती' हा शब्द आहे, म्हणजे परकीयालाही हे संरक्षण आहे. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या अधिकारकक्षेत असलेल्या व्यक्तीला नागरिक ठरवले, आणि राज्यांनी कोणाही व्यक्तीला कायद्याचे समान संरक्षण नाकारू नये असे बजावले. आपल्या घटनेच्या १४ व्या अनुच्छेदातील कायद्याच्या समान संरक्षणाची शब्दयोजना याच दुरुस्तीतून आली आहे. तथापि समान संरक्षणाचे हे कलम राज्यांना उद्देशून आहे. संघ सरकारला बांधणाऱ्या पाचव्या दुरुस्तीत ते शब्द नाहीत. १९४३ च्या हिराबायाशी खटल्यात जपानी वंशाच्या लोकांवरील संचारबंदी उचलून धरताना न्यायालयाने नेमक्या या गाळलेल्या जागेकडे बोट दाखवले होते.

पालक परकीय का राहिले होते, हेही शब्दांचेच प्रकरण आहे. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व मिळवण्याची मुभा फक्त स्वतंत्र 'गोऱ्या' व्यक्तींना दिली होती. पुढे १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची त्यात भर पडली. १९२२ मध्ये ओझावा या जपानी अर्जदाराला न्यायालयाने सांगितले की 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तुम्ही तसे नाही. तीन महिन्यांनी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड न्यायालयासमोर आले. तत्कालीन वंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन गणले जात. तेव्हा न्यायालयाने शास्त्र बाजूला ठेवले आणि 'गोरा' या शब्दाचा अर्थ सामान्य माणसाच्या समजुतीवरून ठरेल असे म्हटले. तीन महिन्यांत एका शब्दाचे दोन अर्थ झाले, आणि दोन्ही वेळा दार बंदच राहिले. थिंड यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील सखाराम गणेश पंडित स्वतः आधीच नागरिक झालेले होते. पुढे सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा प्रयत्न केला; तो मात्र त्यांनी १९२६ मध्ये अपील न्यायालयात हाणून पाडला. जपानी स्थलांतरितांना हे दार १९५२ पर्यंत उघडले नाही. म्हणजे ज्यांना नागरिक होण्यास कायद्यानेच मनाई होती, त्यांच्या परकेपणाचा ठपका त्यांच्या नागरिक मुलांवर ठेवला गेला.

बहुमताची वाक्यरचना

फ्रेड कोरेमात्सु यांचा जन्म १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. ते जहाजबांधणीच्या गोदीत वेल्डिंगचे काम करीत. मे १९४२ मध्ये क्षेत्रबंदी आदेश क्रमांक ३४ निघाला तेव्हा घरची मंडळी हजर झाली, पण २३ वर्षांचा हा तरुण मागे राहिला. ओळख लपवण्यासाठी त्याने नाव बदलले, डोळ्यांच्या पापण्यांवर छोटी शस्त्रक्रियाही करून घेतली. ३० मे रोजी सॅन लिअँड्रो येथे त्याला अटक झाली. पाच वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा झाली, आणि शिक्षा प्रोबेशनची असूनही त्याला आधी टॅनफोरनच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील तात्पुरत्या केंद्रात व नंतर युटा राज्यातील टोपाझ छावणीत ठेवण्यात आले.

बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले. हे गृहस्थ १९२० च्या दशकात कू क्लक्स क्लॅनचे सभासद होते, आणि पुढे नागरी स्वातंत्र्याचे कट्टर रक्षक म्हणून नावाजले गेले. निकालपत्राची सुरुवात त्या कीर्तीला साजेशी आहे. एका वंशगटाचे नागरी हक्क कमी करणारे प्रत्येक बंधन प्रथमदर्शनी संशयास्पद मानले पाहिजे आणि न्यायालयाने ते अत्यंत कठोरपणे तपासले पाहिजे, असे ते सांगतात. हे तत्त्व इतके मोलाचे ठरले की पुढील काळात वंशभेदाविरुद्धच्या कित्येक निकालांचा ते आधार झाले. मात्र खुद्द या निकालपत्रात ते तत्त्व उच्चारले जाते, लागू केले जात नाही. सेनापतीने धोका आहे असे मानले, काँग्रेसने तसे मानले, म्हणून न्यायालयही तसे मानते, अशी पुढील वाक्यांची साखळी आहे. धोका होता काय, हा प्रश्न 'धोका आहे असे मानले गेले काय' या प्रश्नात कधी विरघळतो ते वाचकाला कळत नाही.

व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास या निकालपत्रात कर्ता वारंवार नाहीसा होतो. गरज निर्माण झाली, वेळ अपुरा होता, कष्ट हा युद्धाचा भागच असतो, अशी विधाने एकामागून एक येतात. आपल्याकडे कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवताना आपण विद्यार्थ्यांना सांगतो की इथे कर्त्याला प्राधान्य नसते. शासकीय गद्यात या प्रयोगांचा आणखी एक उपयोग असतो : जबाबदारी कोणाची, हे न सांगता काम झाले असे सांगता येते. युद्धात सगळेच नागरिक कष्ट सोसतात, असे म्हणताना सगळ्यांचे कष्ट आणि एका गटाचीच कैद यांतले अंतर पुसले जाते. नागरिकत्वासोबत कर्तव्येही येतात हे वाक्य एरवी निर्दोष आहे. पण ज्याच्याकडून नागरिकत्वाचा शब्दही काढून घेतला, त्यालाच ते ऐकवावे हा विरोधाभास निकालपत्राच्या ध्यानी येत नाही.

सर्वांत बोलका भाग छावण्यांच्या नावाविषयीचा आहे. या केंद्रांना 'छळछावणी' म्हणणे अनुचित आहे, त्या शब्दासोबत कुरूप अर्थ येतात, असे ब्लॅक लिहितात. आपल्यासमोर केवळ क्षेत्रबंदीचा प्रश्न आहे, स्थानबद्धतेचा नाही, अशी मर्यादाही ते आखून घेतात. न्यायमूर्तीने शब्दाच्या अर्थच्छटेची काळजी घ्यावी याला कोणाची हरकत नसावी. पण 'अपरकीय' या शब्दाच्या अर्थच्छटेची त्यांना काळजी वाटत नाही. काटेरी तारांमागे ठेवलेल्या माणसांपेक्षा त्या तारांचे वर्णन करणारा शब्द त्यांना अधिक बोचला, असे म्हणणे भाग आहे.

याच दिवशी न्यायालयाने मित्सुये एंडो या तरुणीच्या अर्जावर, जिची निष्ठा सरकारलाही मान्य आहे अशा नागरिकाला डांबून ठेवता येणार नाही, असा एकमताने निर्णय दिला. तोही घटनेच्या आधारावर नव्हे, तर संबंधित यंत्रणेला तसा अधिकारच दिलेला नव्हता या तांत्रिक मुद्द्यावर. एका दिवशी दोन निकाल आले, आणि घटनेचा प्रश्न दोन्हींच्या मधल्या फटीत पडून राहिला.

तीन भिन्नमते, तीन शैली

न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांचे भिन्नमत कथनशैलीचे आहे. ते तारखा मांडतात. मार्चमधील एका घोषणेने कोरेमात्सु यांना ते क्षेत्र सोडण्यास मनाई केली. मेमधील आदेशाने त्याच क्षेत्रात राहण्यास मनाई केली. जाणे गुन्हा, राहणे गुन्हा. गुन्ह्यातून सुटण्याचा एकच मार्ग, तो म्हणजे स्वतःहून केंद्रात दाखल होणे. 'जमावकेंद्र' हे तुरुंगाचेच सौम्य नाव आहे, असे ते स्पष्टपणे म्हणतात. ब्लॅक यांनी नाकारलेला छावणीचा शब्द रॉबर्ट्स वापरतात, आणि केवळ क्षेत्रबंदीचा प्रश्न असल्याचा देखावा तिथेच कोसळतो.

न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांची शैली पुराव्याची आहे. वेळ नव्हता, या सबबीलाच ते हात घालतात. पर्ल हार्बरनंतर पहिला क्षेत्रबंदी आदेश निघेपर्यंत जवळजवळ चार महिने गेले आणि शेवटची माणसे हलवेपर्यंत जवळजवळ अकरा. ब्रिटनने मात्र युद्धाच्या सुरुवातीला सुमारे ७४,००० जर्मन व ऑस्ट्रियन परकीयांची व्यक्तिशः चौकशी सहा महिन्यांत पूर्ण केली होती. ब्रिटनला परकीयांसाठी जे जमले ते अमेरिकेला स्वतःच्या नागरिकांसाठी का जमू नये? हा प्रश्न मांडून ते थांबत नाहीत. हा निकाल म्हणजे वंशवादाला दिलेली कायदेशीर मान्यता आहे असे नाव घेऊन सांगतात. ज्या शब्दाभोवती बहुमताचे निकालपत्र वळसे घालते, तो मर्फी सरळ उच्चारतात.

न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचे भिन्नमत साहित्यगुणांनी सर्वांत श्रेष्ठ आहे. आरंभीच ते 'अपरकीय' या शब्दाला उत्तर देतात : कोरेमात्सु आमच्या भूमीवर जन्मले, जन्माने या देशाचे आणि वास्तव्याने कॅलिफोर्नियाचे नागरिक आहेत, ज्या राज्याचे ते नागरिक, जिथे ते जन्मले, जिथे आयुष्यभर राहिले, तिथे हजर असणे एवढाच त्यांचा अपराध. पुढे ते एक कल्पित प्रसंग रचतात. त्या क्षेत्रात चार माणसे सापडली असे समजा : एक शत्रुराष्ट्राचा जर्मन, एक शत्रुराष्ट्राचा इटालियन, देशद्रोहाची शिक्षा होऊन पॅरोलवर सुटलेला अमेरिकन पूर्वजांचा नागरिक, आणि कोरेमात्सु. या चौघांत आदेश मोडणारा एकच, तोही केलेल्या कृत्यामुळे नव्हे तर जन्मलेल्या वंशामुळे. इतक्या थोडक्या शब्दांत अन्यायाचे गणित मांडणारे उदाहरण कायद्याच्या गद्यात विरळा.

जॅक्सन यांची दुसरी प्रतिमा विख्यात आहे. लष्करी आदेश आणीबाणीपुरता टिकतो, परंतु न्यायालयाने त्याला घटनेत बसवले की ते तत्त्व भरलेल्या शस्त्रासारखे पडून राहते. पुढे कोणीही सत्ताधारी निकडीचे कारण सांगून ते उचलू शकतो. असे असले तरी जॅक्सन यांच्या मतातही एक उणीव आहे आणि ती नोंदवली पाहिजे. लष्कराच्या निर्णयाची चिकित्सा न्यायालयाला करता येत नाही, म्हणून न्यायालयाने त्याला साहाय्य करू नये इतकेच, असे ते म्हणतात. म्हणजे शस्त्र भरू नये हे ते सांगतात, पण सैनिकाच्या हातातले शस्त्र कोणी अडवावे, याचे उत्तर देत नाहीत. समीक्षकाने जॅक्सन यांच्या प्रतिमेने दिपून मर्फी यांच्या पुराव्याला विसरू नये.

भिन्नमताचा खरा वाचक भविष्यात असतो. आपल्याकडे आणीबाणीतील जबलपूर खटल्यात २८ एप्रिल १९७६ रोजी न्यायमूर्ती खन्ना यांनी एकट्याने दिलेले भिन्नमत हे त्याचे उदाहरण. बहुमतात न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड होते, २०१७ च्या गोपनीयतेच्या निकालात त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी ते बहुमत रद्दबातल ठरवणारे मत लिहिले. कोरेमात्सु प्रकरणात हा भविष्यातला वाचक कसा अवतरला, ते आता पाहू.

पाठभेदाचा शोध

जुन्या हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना पाठचिकित्सा परिचित आहे. एका पोथीत एक शब्द, दुसरीत दुसरा. मूळ कोणता आणि बदल कोणी, का केला, हे शोधावे लागते. कोरेमात्सु निकालाची मुळे अशाच एका पाठभेदात सापडली. बहुमताच्या निकालपत्राला जनरल डिविट यांच्या अंतिम अहवालाची पार्श्वभूमी होती. या अहवालाच्या १९४३ मधील मूळ पाठात असे होते की निष्ठावान कोण व निष्ठाहीन कोण हे ठरवणे अशक्यच आहे; प्रश्न वेळेच्या अपुरेपणाचा नाही. हे विधान सरकारच्या न्यायालयातील भूमिकेला मारक होते, कारण तिथे वेळेच्या निकडीवर भर होता. युद्धखात्याने ते वाक्य बदलले. निष्ठा ठरवण्याचे तयार साधन उपलब्ध नव्हते, असा मोघम पाठ त्या जागी आला आणि मूळ प्रती नष्ट करण्यात आल्या.

पण एक प्रत उरली. स्वतः तरुणपणी छावणीत राहिलेल्या ऐको हर्झिग-योशिनागा यांना १९८० च्या दशकाच्या आरंभी राष्ट्रीय अभिलेखागारात ती सापडली. त्याच सुमारास संशोधक पीटर आयरन्स यांना न्यायखात्याची कागदपत्रे मिळाली. किनाऱ्यावरून शत्रूला रेडिओ संदेश जात असल्याचे डिविट यांचे आरोप तपासयंत्रणांना खरे आढळले नव्हते, हे न्यायखात्यातील वकिलांना ठाऊक होते. न्यायालयात द्यायच्या निवेदनात तशी तळटीप लिहिलीही गेली होती. ती छपाईच्या टप्प्यावर इतकी पातळ करण्यात आली की न्यायमूर्तींना तिचा अर्थ लागणे शक्य नव्हते. एका तळटिपेवर १,२०,००० माणसांच्या हक्कांचा प्रश्न अवलंबून असू शकतो, हे संशोधनाला कंटाळणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे.

या कागदांच्या बळावर संघीय न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी १० नोव्हेंबर १९८३ रोजी कोरेमात्सु यांची शिक्षा रद्द केली. काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश ही या घटनेची कारणे म्हणून नोंदवली. १९८८ च्या नागरी स्वातंत्र्य कायद्याने देशाच्या वतीने माफी मागितली गेली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देण्याचे ठरले. २०११ मध्ये प्रभारी सॉलिसिटर जनरल नील कत्याल यांनी, आपल्याच कार्यालयाने १९४० च्या दशकात न्यायालयापासून माहिती दडवली, अशी जाहीर कबुली दिली. कत्याल हे भारतातून आलेल्या आईवडिलांचे अपत्य. थिंड यांना ज्या देशाने दार बंद केले, त्याच देशाच्या वतीने ही कबुली द्यायला ते उभे होते.

कादंबरीतील अनामिक

निकालपत्रात जे येऊ शकत नाही ते साहित्यात येते. ज्युली ओत्सुका यांची 'व्हेन द एम्परर वॉज डिव्हाइन' ही २००२ मधील छोटी कादंबरी या निकालासोबत वाचावी. तिची सुरुवात फलकाच्या वाचनाने होते. बर्कलीतील एक स्त्री तो फलक उभ्या उभ्या वाचते, काही टिपून घेते आणि घरी जाऊन बांधाबांध सुरू करते. तिच्या कुटुंबातील कोणालाही नाव नाही : स्त्री, मुलगी, मुलगा, एवढेच. पहिल्या वाचनात ही लेखिकेची हातोटी वाटते. फलकाची भाषा ध्यानात घेतली की उलगडते की राज्याने ज्यांची ओळख एका वर्गनामात बुडवली, त्यांची कथा लेखिका त्याच अनामिकतेतून सांगते आहे, आणि तरीही प्रत्येक जण वाचकाला वेगळा, जिवंत दिसतो.

शेवटच्या प्रकरणात वडिलांचा आवाज सगळ्या कल्पनीय गुन्ह्यांची 'कबुली' देतो. हा उपरोध आहे. विशिष्ट आरोप नसेल तर विशिष्ट बचावही करता येत नाही. म्हणून आरोपी सगळेच मान्य करून टाकतो. योग्य प्रक्रियेचा हक्क म्हणजे नेमके काय, हे ओत्सुका यांनी त्या हक्काच्या अभावातून दाखवले आहे. मात्र कादंबरीची एक मर्यादाही आहे. न्यायालय, वकील, विरोध करणारी माणसे तिच्यात फारशी नाहीत. सोसणे आहे, झगडणे नाही. ती उणीव कोरेमात्सु यांचे चरित्र भरून काढते. म्हणून दोन्ही एकत्र वाचावीत.

शब्द पुन्हा बदलतात

२००१ नंतर शस्त्र पुन्हा हाताळले गेले, आणि पुन्हा नवा शब्द आला. लुइझियानात जन्मलेले अमेरिकन नागरिक यासर हमदी यांना अफगाणिस्तानात पकडून 'शत्रू-लढवय्या' ठरवले गेले आणि आरोपपत्राविना लष्करी कोठडीत ठेवले गेले. २८ जून २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नागरिकाला त्याच्यावरील आक्षेपांचा आधार कळला पाहिजे आणि तटस्थ निर्णायकासमोर ते खोडून काढण्याची संधी मिळाली पाहिजे. त्याच काळात वृद्ध कोरेमात्सु यांनी ग्वांतानामोतील बंदी व लष्करी कोठडीतील नागरिक यांच्या खटल्यांत न्यायालयापुढे निवेदने दाखल केली. ते बंदी बहुतांशी मुस्लिम होते. कोरेमात्सु यांचा त्यांच्याशी वंशाचा वा धर्माचा संबंध नव्हता. 'अपरकीय' ठरवले जाणे म्हणजे काय, याचा अनुभव एवढेच त्यांचे नाते होते. २००५ मध्ये त्यांचे निधन झाले.

२६ जून २०१८ रोजी, मुख्यतः मुस्लिम देशांतील लोकांच्या प्रवेशावरील निर्बंध पाच विरुद्ध चार मतांनी कायम करताना, सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी कोरेमात्सु निकाल दिला गेला त्याच दिवशी चुकीचा होता असे लिहिले. त्या वाक्यांत त्यांनी 'छळछावणी' हा शब्द वापरला. ब्लॅक यांनी ७४ वर्षांपूर्वी नाकारलेला शब्द अखेर बहुमताच्या निकालपत्रात आला, ही नोंद महत्त्वाची आहे. त्याचबरोबर, नागरिकांना वंशावरून उघडपणे छावणीत डांबणे वेगळे आणि वरकरणी तटस्थ असे प्रवेशधोरण वेगळे, असा भेद त्यांनी केला. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायॉर यांनी भिन्नमतात हा भेद नाकारला आणि दोन्ही निकालांतील तर्काचे साम्य दाखवले.

सरन्यायाधीशांचा भेद पोकळ नाही. देशात येऊ इच्छिणाऱ्या परकीयाचे व देशात राहणाऱ्या नागरिकाचे हक्क कायद्यात सारखे नसतात. तरीही 'वरकरणी तटस्थ' या शब्दांपाशी आपण थबकावे. आदेश क्रमांक ९०६६ देखील वरकरणी तटस्थच होता; वंशाचे नाव वरच्या कागदावर नव्हते, ते खालच्या फलकावर आले. त्यामुळे कागदावर कोणता शब्द नाही, हे पाहणेही वाचकाचे काम ठरते. हे निर्बंध २०२१ मध्ये मागे घेतले गेले आणि २०२५ मध्ये देशांच्या निराळ्या यादीसह नवे आले. परंतु निकालपत्राची भाषा सरकारे बदलली तरी ग्रंथालयात राहते.

निष्कर्ष

या वाचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अमेरिकन घटनेतील हक्क १९४२ मध्ये एका अक्षरानेही बदलले नव्हते; बदलले होते ते नागरिकाचे नाव. दुसरी, बहुमताची भाषा तत्त्व उच्चारूनही ते टाळू शकते, म्हणून निकालपत्रातील थोर वाक्यापेक्षा त्या वाक्यानंतर काय घडते ते पाहावे. तिसरी, चूक दुरुस्त होण्यासाठी भिन्नमत, अभिलेखागारातील एक उरलेली प्रत आणि हार न मानणारा पक्षकार या तिघांची गरज लागली, आणि त्याला सुमारे चार दशके लागली. हा काळ छावणीतच म्हातारे होऊन गेलेल्यांच्या दृष्टीने फार मोठा होता. व्यवस्था स्वतःला सुधारते असे समाधानाने म्हणताना त्याचे विस्मरण होऊ नये.

कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांना या निकालाचा एक साधा उपयोग करता येईल. व्यावहारिक भाषेच्या तासाला आपण नोटीस, परिपत्रक आणि शासकीय पत्र यांचे नमुने लिहायला शिकवतो. ते वाचायलाही शिकवावे. या कागदात मला कोणते नाव दिले आहे? कर्ता कोण आहे आणि तो लपवला आहे काय? आक्षेप कोणता आणि उत्तर देण्याची जागा कुठे आहे? हे तीन प्रश्न विद्यार्थ्याने कोणत्याही सरकारच्या, कोणत्याही भाषेतील कागदाला विचारावेत. फ्रेड कोरेमात्सु यांच्याजवळ कायद्याची पदवी नव्हती. पण फलकावर आपल्यासाठी वापरलेला शब्द आपला नाही, एवढे त्यांना वाचता आले होते.